हाकेच्या अंतरावर

डोंबिवलीच्या आमच्या घराला आम्ही 'बंगला' म्हणत असू. 'आम्ही' म्हणजे फक्त आम्हीच. पोस्टमन त्याला 'ते फणसाचं घर' म्हणे, रिक्षावाले 'गटाराच्या पुढचं वळण' म्हणत आणि नातेवाईक 'एवढ्या लांब कोण येतंय!' असं म्हणत. पण खाली चार, वर चार अशा आठ खोल्या, पुढं व्हरांडा, मागं मोरी, एक विहीर आणि एक फणस एवढा ऐवज ज्या वास्तूपाशी आहे तिला दुसरं काय म्हणणार? विहिरीला पाणी मार्चपर्यंतच असे, आणि आपण कापा की बरका याविषयी त्या फणसाचाही शेवटपर्यंत निश्चय झालेला नव्हता. पण या गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नसतात.

हा बंगला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७६ साली बांधला. त्यापूर्वी आम्ही गिरगावात ठाकुरद्वारच्या एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, दहा माणसं. आजोबा, आजी, दोन काका, त्यांतल्या एकाची बायको, एक आत्या, अण्णा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. रात्री अंथरुणं घातली की जमीन दिसेनाशी होई. पाणी प्यायला उठलेल्या माणसाला माठापर्यंत पोचेस्तोवर चार जणांची माफी मागावी लागे आणि परत येईपर्यंत त्याची जागा गेलेली असे. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. त्यामुळं कुणाचं पोट कसं आहे हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. आजारी माणसाला प्रकृती विचारायला येणारे लोक बहुधा त्याला ती सांगायलाच येत.

अशा ठिकाणी जन्मून चौतीस वर्षं काढलेल्या अण्णांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : आतून कडी लावता येईल असं दार. त्यांनी अकरा दारांचं घर बांधलं.

ते घर विकून मी २०२३ साली आईला, बायकोला आणि दोन मुलांना घेऊन परत गिरगावात आलो. चारशे तीस चौरस फुटांत. दारं तीन, त्यांतलं एक सरकतं, आणि तेही पूर्ण सरकत नाही.

माझ्या या निर्णयावर लोकमत काय होतं ते ऐका. बोरिवलीची आत्या म्हणाली, "अरे, मोठ्या घरात गेलं की लोक पेढे वाटतात. तू काय वाटणार आहेस?" कचेरीतला एक मित्र म्हणाला की माणसं पन्नाशीनंतर गावाकडं सरकतात, तू शहरात घुसतोयस, एकदा डोकं दाखवून घे. समोरच्या बंगल्यातले काका मला हळूच फणसाखाली घेऊन गेले. "कर्जबिर्ज झालंय का? मोकळेपणी सांग. मी कुणाला बोलणार नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. संध्याकाळपर्यंत वाण्यानं आमची उधारी बंद केली.

लोकांना सांगायला आमच्याकडं कारणं तयार होती. मुलीची नोकरी फोर्टात. माझी कचेरी चर्चगेटजवळ. गच्ची गळते. बायकोचे गुडघे जिना चढताना वाजतात. सगळी कारणं खरी होती. फक्त खरं कारण त्यांत नव्हतं. ते पुढं सांगतो.

सामान आवरायला काढलं तेव्हा पोटमाळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत एक पुस्तक सापडलं : गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन'. मूळ पुस्तक १८६३ सालचं. आमची प्रत अर्थात बरीच पुढच्या आवृत्तीची, आणि तिच्यावरही वाळवीनं स्वतंत्र संशोधन केलेलं. घर आवरताना पुस्तक सापडण्यासारखा धोका नाही. मी ट्रंकेवर बसून चाळायला लागलो. त्यातून दुसऱ्या पुस्तकाची आठवण झाली, मग तिसरं आणायला वाचनालयात गेलो. बायकोनं सव्वीस खोकी भरून दोऱ्या बांधल्या तोवर मी जेमतेम १८०३ सालापर्यंत पोचलो होतो.

पण त्या साली मला जे सापडलं त्यानं माझी मान ताठ झाली. ज्याला आपण अस्सल मुंबई समजतो ते गिरगाव हेच मुळात उपनगर! त्या काळी खरी मुंबई म्हणजे फोर्ट. भोवती तट, तटाला दरवाजे आणि आत ही दाटी. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी फोर्टात मोठी आग लागली आणि घरांच्या ओळीच्या ओळी जळून गेल्या. त्यानंतर लोकांनी तटाबाहेर वस्ती करावी म्हणून सरकारनं उत्तेजन दिलं आणि बाहेरची मुंबई फुगू लागली. बाहेर काय होतं? वाड्या आणि भाटं. भाट म्हणजे बाग. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, बोरभाट, मुगभाट ही नावं आज घामाघूम होऊन आपण पत्त्यात लिहितो, तेव्हा आपण भाजी मंडईत उभे आहोत असं वाटतं ते उगाच नाही. आज फणसवाडीत फणस औषधाला मिळणार नाही. पण नाव सांगतं की इथं कधीतरी मोकळी हवा होती आणि ती खायला लोक येत होते.

फोर्टातला एखादा गृहस्थ गिरगावात बिऱ्हाड करायला निघाला असेल तेव्हा त्याच्याही आत्यानं नक्की म्हटलं असेल, "एवढ्या लांब कोण येतंय!" संध्याकाळनंतर तटाचे दरवाजे बंद होत असल्यामुळं आत्याला चांगली सबबही होती. तो तट १८६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरकारनं पाडला. आत्या मात्र आहेत.

पुढचं सगळं याच चालीवर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिनं, एकवीस मैल, सत्तावन्न मिनिटं. आजही स्लो लोकलला ठाण्यापर्यंत जवळपास तेवढाच वेळ लागतो, यावरून परंपरा टिकवण्याची आमच्या रेल्वेची जिद्द दिसते. दुसऱ्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, गाडी कल्याणपर्यंत गेली. म्हणजे डोंबिवलीवरून गाडी धडधडत गेली तेव्हा आमचे अण्णा जन्माला यायचे अठ्ठ्याऐंशी वर्षं बाकी होते. डोंबिवलीच्या माणसाचं गाडीच्या वेळेवर जे प्रेम असतं ते असं पूर्वजन्मीचं आहे.

मग १८९६ साल उजाडलं. सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले आणि बघता बघता मुंबई सुटली. लाखो माणसं मिळेल त्या वाटेनं गावी पळाली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती. १९०१ मध्ये ७,७६,००६. आपल्या या शहराची लोकसंख्या कमी झाली होती यावर आज सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाचा विश्वास बसणार नाही. प्लेगनं सरकारला एक धडा दिला : एका खोलीत दहा-दहा माणसं, उजेड नाही, वारा नाही, रोग आणखी कुठं जाईल? १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं गल्ल्या फोडून रुंद रस्ते केले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, सायनकडं आखीव वसाहती वसवल्या. कालपर्यंत जिथं भातशेती होती तिथं हिंदू कॉलनी आली. दादर उपनगर झालं, आणि 'एवढ्या लांब' हे शब्द गिरगावातून उठून दादरला लागू झाले. पुढं ते पार्ल्याला लागले, मग मुलुंडला, आणि आमच्या पिढीत डोंबिवलीला.

त्यातून १९४७ चा भाडे-नियंत्रण कायदा. भाडं १९४० सालच्या पातळीवर गोठलं. आजोबा खूश, घरमालक नाखूश. भाडं वाढत नाही म्हणून मालक चाळीला हात लावीना, आणि भाडं वाढत नाही म्हणून भाडेकरू जागा सोडीना. जिना डगमगायला लागला तरी दोघंही आपापल्या जागी ठाम. अशा चाळीत खोली रिकामी होण्याचा मार्ग एकच, आणि त्याची कुणी उघड इच्छा धरत नसे. नवी खोली घ्यावी तर पागडी. तेव्हा घरातल्या थोरल्याचं लग्न खोलीत व्हायचं, मधल्याचं गॅलरीच्या भरवशावर आणि धाकट्याचं डोंबिवलीच्या. आमचे अण्णा धाकटे.

हे सगळं वाचून माझ्या ध्यानात आलं की दोनशे वर्षं मुंबईचा माणूस एकाच दिशेनं चालला आहे : आतून बाहेर. आगीनं, रोगानं, दाटीनं, भाड्यानं तो बाहेर ढकलला जातो आणि बाहेर गेल्यावर, आपण हवेसाठी आलो असं सांगतो. आणि मी एकटाच त्या गर्दीत उलटा निघालेला. संध्याकाळी सहाच्या गाडीतून मस्जिदला उतरू पाहणाऱ्या माणसाची जी अवस्था होते तीच माझी झाली. इतिहासात माझ्या बाजूनं कुणीतरी असेल म्हणून मी शोधत राहिलो, आणि मला एक इसम सापडला. तोही साधासुधा नव्हे, मुंबईचा गव्हर्नर!

अठराव्या शतकापासून मुंबईच्या गव्हर्नरांचा मोठा बंगला परळला होता. मूळची पोर्तुगीज काळातली ख्रिस्ती धर्मगुरूंची इमारत, तिच्यात इंग्रजांनी दरबार थाटलेला. परळ म्हणजे तेव्हाचं थंड, ऐसपैस, झाडीचं उपनगर. मेजवान्या, नाच, घोडागाड्या. पण १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्यानं त्या बंगल्यात वारल्या. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे फर्ग्युसन. त्यानंतर त्या घरातून गव्हर्नरांचं मन उडालं आणि दोन-चार वर्षांत बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं. अर्थात तिथला बंगला वन-बीएचके नव्हता. तरी एक मोठं लांबचं घर सोडून माणूस शहराकडं आला होता हे खरं. परळच्या रिकाम्या वास्तूत पुढं १८९९ मध्ये हाफकिन साहेबांची प्लेगची प्रयोगशाळा गेली. आमच्या बंगल्याचं एवढं नशीब नव्हतं. तिथं आता सात मजली इमारत आहे आणि तिला फणसाचं नाव दिलेलं नाही.

हा गव्हर्नर सापडल्याच्या आनंदात मी त्या रात्री जेवताना सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. बायको म्हणाली, "अहो, आमटी निवतेय." मुलगा म्हणाला, "बाबा, ही परीक्षेला नसते." आई मात्र घास हातात धरून थांबली होती.

"एवढं मोठं घर," ती म्हणाली, "तिच्या उशाशी कोण होतं रे?"

ताटावर कुणी काही बोललं नाही. कारण आता खरं कारण सांगायची वेळ आली होती.

२०२२ च्या ऑगस्टातली गोष्ट. आई सत्त्याहत्तर वर्षांची. ती खाली मागच्या खोलीत झोपे, कारण जिना तिनं कधीच सोडला होता. आम्ही चौघं वर, चार खोल्यांत चार. अण्णांच्या घराचं वैभवच ते. प्रत्येकाला दार, प्रत्येक दाराला कडी. त्या रात्री पावसानं झोडपलं होतं, दिवे गेले होते आणि मागच्या मोरीवरच्या पत्र्यावर असा आवाज होत होता की जणू कुणी खडी ओततंय. दोनच्या सुमारास आई उठली, मोरीत घसरली आणि पडली. मनगट मोडलं. उठता येईना. तिनं मला हाक मारली. मग सुनेला मारली. मग नातीला, नातवाला. मग, हे तिनं आम्हाला खूप दिवसांनी सांगितलं, अण्णांना मारली. अण्णांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

पहाटे साडेपाचला दूधवाला आला. तिची हाक त्यानं ऐकली. घरातल्या चार माणसांनी नाही.

इस्पितळात प्लास्टर घालून घेताना आई सारखी मलाच समजावत होती. "अरे, पाऊस किती होता! आणि मी फार मोठ्यानं मारलीच नाही हाक. म्हटलं, कशाला तुमची झोप मोडा." साडेतीन तास ओल्या फरशीवर पडलेली बाई आमच्या झोपेची काळजी करत होती आणि आम्ही खरोखरच छान झोपलो होतो.

त्यानंतर आम्ही घंटी बसवली. वीज गेली की घंटीही जाई. मी खाली झोपायला लागलो, तर आई रात्रभर जागी राहून मी नीट झोपलोय का ते बघे. शेवटी मी एकदा घर मोजायला काढलं. आईची उशी ते माझी उशी : मध्ये पाच दारं, एक चौक आणि एकोणीस पायऱ्या. आठ खोल्यांचा हिशेब मी आयुष्यभर चौरस फुटांत सांगत आलो होतो. आपल्या भाषेत अंतर मोजायचं याहून जुनं एक माप आहे, ते मात्र विसरलो होतो. पूर्वी माणसं घर किती लांब म्हणून विचारलं तर सांगत, 'हाकेच्या अंतरावर.' आमचं घर एकच होतं, पण आम्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत नव्हतो.

जायचं ठरलं तेव्हा आईला विचारलं, कुठं? डोंबिवलीतच लहान फ्लॅट बघू? ती म्हणाली, "निघायचंच तर गिरगावात जाऊ. पडायचंच तर ओळखीच्या ठिकाणी पडेन." बंगल्याचे पैसे, माझा फंड आणि बायकोचा फंड एवढं एकत्र केल्यावर गिरगावात काय मिळतं ते वर सांगितलंच आहे.

आता प्रश्न एवढाच होता की आठ खोल्या अडीच खोल्यांत कशा घालायच्या.

मोठ्या घराचं एक असतं. त्यात वस्तू येतात, पण जात नाहीत. आमची आठवी खोली 'कधीतरी लागेल' या खात्याची होती. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, एकवीस पाट, पाटा-वरवंटा, जातं, चाकं नसलेली सायकल, सायकल नसलेली चाकं, आणि १९७६ पासूनचे दिवाळी अंक. सत्तेचाळीस वर्षांत यांतलं काहीही कधीही लागलं नव्हतं. दिवाळी अंक मी न्यायचेच म्हणून बसलो. बायकोनं नव्या घराचा नकाशा पुढं ठेवला आणि म्हणाली, "घ्या ना. तुम्ही कुठं झोपणार तेवढं दाखवा." रद्दीवाल्यानं गठ्ठे काट्यावर टाकले आणि खूश होऊन म्हणाला, "जुना माल जड असतो, साहेब." समीक्षा म्हणून हे वाक्य मला अजून पटतं.

बंब एका हॉटेलवाल्यानं नेला. दारात ठेवून त्यात शोभेचं झाड लावणार होता. आई म्हणाली, "एवढी वर्षं आंघोळी घातल्या बिचाऱ्यानं, आता त्यालाच माती." झोपाळ्यासाठी मी फार धडपडलो. पण नव्या दिवाणखान्यात झोपाळा टांगला असता तर पुढच्या झोक्याला देवघर आलं असतं आणि मागच्या झोक्याला गॅस. मुलानं मोजपट्टी लावून ते सप्रमाण सिद्ध केलं. शाळेतली भूमिती घरात उपयोगी पडल्याचं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव उदाहरण.

मला भीती आईची होती. पण आई सगळं देत सुटली. एकवीस पाट मंगल कार्यालयाला, घंगाळ भावाला, जातं देवळाला. "आणलं तेव्हा कुठं विचारून आणलं होतं?" म्हणायची. तिनं स्वतःसाठी फक्त एक पत्र्याचा डबा बाजूला ठेवला. बिस्किटांचा, गंजलेला. मला वाटलं दागिने असतील. उघडून बघितला तर रेल्वेचे पास! अण्णांचे, सेकंड क्लासचे, डोंबिवली ते बोरीबंदर, १९७६ पासून निवृत्तीपर्यंतचे. तीन महिन्यांचा एक याप्रमाणं सव्वीस वर्षांचे एकशेचार.

ते पास घेऊन मी हिशेब करत बसलो. इतिहासाचा नाद लागला की आकड्यांचाही लागतो. दारापासून कचेरीपर्यंत रोज जाऊन-येऊन तीन तास. वर्षाचे सुमारे दोनशे नव्वद दिवस. गुणिले सव्वीस. उत्तर आलं बावीस हजार सहाशेवीस तास, म्हणजे रात्रंदिवस धरून अडीच वर्षांहून जास्त! अकरा दारांचं घर बांधणारा माणूस आयुष्याची अडीच वर्षं अशा डब्यात उभा होता, ज्याच्या दाराला माणसं लटकलेली म्हणून ते बंदच होत नसे. घर आठ खोल्यांचं, आणि मालकाची हक्काची जागा कोणती, तर ठाण्यानंतर मिळाली तर मिळाली अशी चौथी सीट. रविवारी ते व्हरांड्यात नुसते बसून असत. आम्हाला वाटे, अण्णा विश्रांती घेताहेत. आता वाटतं, ते बहुधा आपण बांधलेलं घर बघत असावेत. इतर दिवशी ते त्यांना उजेडात दिसतच नव्हतं.

"टाकायचे का ग हे?" मी आईला विचारलं.

"टाकतोस कसे?" ती म्हणाली. "घराची किंमत आहे ती. तुझ्या त्या दस्तात लिहिलेली खोटी."

डबा आता गिरगावात देव्हाऱ्याखाली आहे.

नव्या घरात येऊन स्थिरस्थावर व्हायला आम्हाला सहा महिने लागले. आत आई आणि मुलगी झोपतात, बाहेर आम्ही तिघं. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा आणि दोन तासांचा प्रवास करून मी पुन्हा जमिनीवर, रांगेत, माठाच्या वाटेत आलो. रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगा माझी माफी मागतो. आंघोळीचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे आणि त्यात रेल्वेसारखाच रोज बिघाड होतो. मुलगी फोनवर बोलायला न्हाणीघरात जाते आणि आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते. एक दिवस आईनं बाहेरून सांगितलं, "अगं, पाणी नको वाया घालवूस. मी कान बंद करते."

गिरगावाविषयीचे आईचे बेत मात्र सपशेल फसले. पहिल्याच आठवड्यात ती माझा हात धरून जुन्या ओळखी शोधायला निघाली. आमच्या चाळीच्या जागी टॉवर. पलीकडच्या चाळीच्या जागी खड्डा. मुगभाटातली मैत्रीण? मुलाकडं गेली, डोंबिवलीला. फणसवाडीतल्या वहिनी? त्याही डोंबिवलीला. तिसऱ्या एक बदलापूरला. आईच्या गिरगावातल्या सगळ्या मैत्रिणी डोंबिवलीत निघाल्या! "एवढी वर्षं तिथंच होत्या की मेल्या," आई हताश होऊन म्हणाली, "आणि मी त्यांना भेटायला इथं आले." केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती तेवढा आपल्या जागी सापडला. १८९३ पासून तो तिथं बसतोय. त्याला जागा बदलण्याचा मोह झालेला नाही, किंवा पागडी परवडलेली नसावी.

मोठ्या घराची आठवण येत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पाऊस आला की मला पत्रा आठवतो. मे महिन्यात फणस आठवतो, तो बरका निघाला तरी चालेल असं वाटतं. आणि माझी मुलगी एकदा अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मला फक्त एक दार हवंय. बंद होणारं." मी दचकलो. हुबेहूब अण्णा! ती कमवती आहे. एक दिवस तीही पनवेलला किंवा त्याच्याही पुढं कुठंतरी घर घेईल. त्याला दारंच दारं असतील. मी तिला 'एवढ्या लांब कोण येतंय!' असं मुळीच म्हणणार नाही. तसं म्हणायचा मान तिच्या आत्याचा असतो, आणि तिला सख्खी आत्या नाही हे तिचं भाग्य. या शहराचा इतिहास वाचून मला कळलं ते एवढंच. एका वयात माणसाला कडी हवी असते आणि एका वयात हाक. दोन्ही एका घरात मावतील असं घर मुंबईत अजून कुणी बांधलेलं नाही.

परवाची रात्र. सगळीकडं सामसूम. दोनच्या सुमारास आतून आई खोकली. एकदाच, आणि तेही दबकत.

"आजी, पाणी देऊ?" शेजारून मुलगी.

"आई, काय होतंय?" बाहेरून बायको.

"आजी, दिवा लावू?" मुलगा.

मी तोवर उठून दारात उभाच होतो. ते सरकतं दार. पूर्ण लागत नाही ते.

अंधारात आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "झोपा रे मेल्यांनो. खोकायचीसुद्धा सोय ठेवली नाही या घरात."

पण आवाज हसरा होता. तेवढा मला तिथून नीट ऐकू आला.